आमच्या घरातल्या तीन पिढ्या आणि एक राजीनामा : तुमच्यात कसं आहे?

शुक्रवारपेठी | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू का नको करत होतो, आज लिहितोच. मोठं झालंय, सवडीनं वाचा.

आमचं घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, नदीकडच्या अंगाला. घरात तीन पिढ्या. वडिलांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, त्यांचा जन्म १९४९ चा. आजी त्यांचं वय सांगताना साल कधी सांगायची नाही, 'संस्थान खालसा झालं त्या साली झाला' असं सांगायची. मी १९७९ चा आणि पोरगी २००२ ची.

तर पोरगी इंजिनियर झाली, पुण्यात नोकरी लागली, घरात पेढे वाटले. नऊ महिन्यांनी गेल्या बुधवारी तिनं राजीनामा दिला आणि गुरुवारी सकाळी बॅगा घेऊन दारात उभी. हातात दुसरी नोकरी नाही. कारण विचारलं तर म्हणाली रात्री अकरा अकराला फोन, रविवारी मीटिंग, नवरात्रात दोन दिवसांची रजा घेऊन आली होती तेव्हा अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत लॅपटॉप उघडून उभी होती, ते तर आम्ही डोळ्यांनी बघितलेलं. साहेबाला एकदा सांगितलं की रात्री नऊनंतर मी फोन घेणार नाही, तर त्यानं सगळ्यांसमोर ऐकवलं. मग तिनं सोडली.

आबा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी जेवताना एकच वाक्य बोलले, "आम्ही अडतीस वर्षं भट्टीपुढं काढली, आम्हाला काय कुणी फुलं वाहत होतं?" पोरगी ताटावरनं उठली. तिनं उठताना काही उलट बोललं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं, पण ती गप्प वर गेली.

आबांचं खरं आहे हो. १९६९ ला विसाव्या वर्षी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर म्हणून, म्हणजे ओतकामाचे साचे भरायला लागले, पुढं मालकानं शिरोलीला जागा घेतली तेव्हा सायकलनं शिरोलीला जायला लागले, २००७ ला रिटायर. कोळशाच्या क्युपोला भट्टीपासून विजेच्या भट्टीपर्यंत सगळं बघितलं. दोन्ही हातांवर ठिणग्यांचे डाग आहेत, लहानपणी मी ते मोजायचो. पोरीचंही खरं आहे. आणि मी मधला, चोवीस वर्षं एकाच ठिकाणी अकौंट्सला आहे, तीनदा सोडावीशी वाटली, एकदा तर अर्ज लिहून खिशात ठेवून आठवडाभर फिरलो, घराचा हप्ता आठवला आणि फाडून टाकला. आबांना वाटतं मी चिकाटीचा आहे, पोरीला वाटतं मी घाबरट आहे, आणि खरं काय ते मलाच कळेना.

पोरगी म्हणते आबा बूमर, तुम्ही जेन एक्स, मी जेन झी. असल्या नावांनी आमच्या घरातलं भांडण मला कळत नाही. तुमच्यात कसं आहे ते सांगा. कुठल्या पिढीनं काय सोसलं, आणि सोसायला पाहिजे होतं का?

सातवी गल्ली | रविवार, रात्री ११:२५

दादा, पोरगी घरी आली हे आधी चांगलं झालं, कुठंतरी एकटी कुढत बसली नाही. पण मी आबांच्या बाजूचा आहे, स्पष्टच सांगतो.

माझं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशीनिंगचं छोटं वर्कशॉप आहे, अकरा माणसं. मी स्वतः लेथवर शिकलो. माझे वस्ताद म्हणायचे टूल बोथट झालेलं डोळ्याला दिसायच्या आधी कानाला ऐकू येतं. मला तो आवाज कळायला पाच वर्षं गेली. पहिल्या वर्षी मी नुसता बर्र, म्हणजे लेथवरचा धातूचा कीस, गोळा केला आणि चहा आणला. आता आयटीआयची पोरं येतात, हुशार असतात, मोबाईलवर बघून प्रोग्राम लिहितात, मला येत नाही ते त्यांना येतं, पण चौथ्या महिन्यात गायब. का तर पार्सल पोचवायच्या कामात दोन हजार जास्त मिळतात. अरे पण ते दोन हजार आज मिळतात, हातात कला काय राहणार? तीन वर्षांत माझ्याकडनं चौदा पोरं गेली. त्यातलं एक पोरगं असं होतं की मला वाटलेलं माझ्यानंतर शॉप हाच चालवील. त्यानं जाताना सांगितलं पण नाही. ते लागलं मनाला, अजून लागतं.

बावडा कट्टा | सोमवार, सकाळी ८:१०

सातवी गल्ली काका, मी बावीस वर्षांचा आहे, आयटीआय नाही डिप्लोमा केलाय, म्हणजे तुमच्या त्या चौदातला नाही पण तसलाच. राग मानू नका, एक विचारतो. तुमच्याकडं पाच वर्षं थांबलं तर पाच वर्षांनी काय मिळणार हे कुणी लिहून देतं का? मी आतापर्यंत तीन ठिकाणी काम केलं, तिन्ही ठिकाणी कंत्राटावर, अकरा महिने झाले की दोन दिवस ब्रेक आणि परत नवीन कागद. आबा अडतीस वर्षं राहिले कारण त्यांना राहू दिलं. आम्हाला कुणी राहू देत नाही आणि वर म्हणतात टिकत नाही.

आणि अजून एक. मी २०२१ चा बारावीवाला. आमची परीक्षाच रद्द झाली. दोन वर्षं मोबाईलवर शाळा, घरात एकच मोबाईल, तो पण पप्पा कामावर घेऊन जायचे, मग मी संध्याकाळी सातनंतर दिवसभराचे तास बघायचो. जुलैमध्ये परत पूर आला. ना शेवटचा पेपर, ना निरोप समारंभ, मित्रांना धड भेटलोसुद्धा नाही. मग पहिल्याच इंटरव्ह्यूला समोरच्यानं मार्कलिस्ट बघून म्हटलं, अच्छा म्हणजे कोरोना बॅच. ते कायमचं चिकटलं. आमच्या आजोबांना दुष्काळ आठवतो, लोक ऐकून घेतात. आमचं सांगायला लागलं की म्हणतात घरात बसून तर होता, काय सोसलं? बसूनच होतो, तेच तर सोसलं.

विद्यापीठ रोड | सोमवार, दुपारी २:०५

चांगला धागा. मी शिकवायच्या पेशात होतो, आता निवृत्त, त्यामुळं थोडं लांबण लावतो.

बूमर वगैरे नावं अमेरिकेतली. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिकडं जन्मदर एकदम वाढला, १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेल्यांना त्यावरनं ते नाव पडलं. त्या पिढीला तिकडं मोटार, घर, भरभराट मिळाली. त्याच वर्षांत जन्मलेल्या आपल्या आबांनी बहात्तरच्या दुष्काळात रेशनची लाल मिलो खाल्ली. साल तेच, पण नाव कसं लागू होणार?

कार्ल मॅनहाइम नावाचा समाजशास्त्रज्ञ होता, त्याचा १९२८ चा पिढ्यांवरचा निबंध अजून शिकवला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की एका वेळी जन्मली म्हणून माणसं एक पिढी होत नाहीत, तरुण वयात, जग पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघताना जी एकाच मोठ्या घडामोडीत सापडतात ती एक पिढी. त्यातही एकाच घडामोडीला दोन गट उलटसुलट सामोरे जाऊ शकतात. मला हे पटतं. त्या हिशेबानं बावडा कट्टा म्हणतो ती 'कोरोना बॅच' ही अगदी खरी पिढी आहे, आणि ते नाव हिणवायला वापरणाऱ्या माणसाला स्वतःचं विसावं वर्ष आठवत नसावं.

आपल्याकडच्या पिढ्या आपल्या मोजमापानं मोजाव्या लागतील. माझ्या आजोबांना अक्षरओळख झाली ती शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं म्हणून, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला दंड होता. पणजोबा अंगठेबहाद्दर होते आणि दंडाच्या भीतीनं त्यांनी पोराला पाठवलं, शिक्षणाच्या हौसेनं नव्हे. वडील राजाराम कॉलेजात शिकले पण त्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव आहे, कारण आपलं विद्यापीठ झालं १९६२ ला. माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ. माझ्या मुलीनं पदवी घेतली आणि ती कुठल्या विद्यापीठाची यानं तिला काही फरक पडला नाही. दंडाच्या भीतीपासून इथपर्यंत चार पिढ्या लागल्या. तिला फरक पडत नाही याचं मला आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, श्वास घेताना हवेची आठवण कोण ठेवतं.

रोज नदीवर | सोमवार, रात्री ९:५०

मी बाईच आहे, पण आमच्या कोल्हापुरात बायका 'मी आलो, मी गेलो'च म्हणतात तेव्हा मी तसंच लिहितो, कुणी दुरुस्त करू नका. माझी लेक पुण्याला राहून 'मी आले' म्हणायला लागलीय. फोनवर ऐकताना पोटात कालवतं, पोरगी कुणाच्या तरी घरची वाटते. माझ्या आईची आई पण 'आलो'च म्हणायची.

वरचं सगळं वाचलं. भट्टी, लेथ, पदवी. बायकांचं कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहितो.

आजी पहाटे पंचगंगेच्या घाटावर धुणं घेऊन जायची, डोक्यावर बुट्टी, येताना ओलं धुणं म्हणजे दुप्पट वजन. आईच्या वेळी नळ आला पण तिचं आयुष्य रॉकेलच्या रांगेत गेलं, डबा रांगेत ठेवून ती मधेच घरी येऊन भाकरी टाकून जायची, आणि गॅसचा नंबर लागला त्या दिवशी तिनं शेगडीला हळदकुंकू लावलेलं मला आठवतंय. मी लग्नाआधी बँकेत टेंपररी होतो. लग्नानंतर पंजाबी ड्रेस घालायला आठ वर्षं लागली, सासूबाई वाईट नव्हत्या, पण त्यांना त्यांच्या सासूनं सहावारीसाठी बारा वर्षं थांबवलेलं. म्हणजे चार वर्षांची सूट मिळाली म्हणायची.

आता राजीनाम्याचं. माझ्या आईनं बालवाडीची नोकरी सोडली कारण सासूला आवडत नव्हती. मी बँकेतलं काम सोडलं, थोरल्याच्या वेळी. मला सोडायचं नव्हतं. दादा, तुमच्या आबांनी तीन दिवस अबोला धरला म्हणता. आमच्या दोघींच्या वेळी घरात एकानंही विचारलं नाही की का सोडतेस, सगळ्यांना आनंद झाला. तुमच्या लेकीनं निदान स्वतःच्या मनानं सोडली आणि तिचं सोडणं घरातल्या माणसाला लागलं तरी. एवढं आम्हाला मिळालं नव्हतं. तिला म्हणावं, काकीनं सांगितलंय, वर खोलीत जाऊन बसू नको, खाली येऊन जेव.

शुक्रवारपेठी | सोमवार, रात्री १०:३०

काकी, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून पोरीच्या खोलीत गेली आणि अजून दोघी वरच आहेत. मला आत्ता आठवलं की बायकोनं पण शिवणक्लास बंद केला होता, पोरगी पहिलीत असताना. मी पण विचारलं नव्हतं.

चिखलीकर | मंगळवार, सकाळी ६:४०

आमच्यात पिढ्या पुरावर मोजत्यात. एकोणनव्वदवाला, पाचवाला, एकोणीसवाला. ह्यात चेष्टा काय नाही.

माझं गाव चिखली, प्रयाग संगमाजवळ. एकोणनव्वदच्या पुरानंतर सरकारनं सोनतळीला प्लॉट दिलं. आमच्या आजोबांना पण मिळाला. पण गाव काय सुटलं नाही. रान हिथं, गोठा हिथं, देव हिथं, नदी हिथं. आजोबा म्हणायचं पाणी चढतंय तसं उतरतंय बी, म्हशी घेऊन वर जायचं आणि आठ दिवसांनी चिखल काढायला यायचं, त्यात काय एवढं. त्यांना पाण्याचं भ्याच नव्हतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, हे आकडे आमच्या घरात पाढ्यागत पाठ, पण आजोबा कधी बंधाऱ्याचा आकडा विचारत नव्हतं, घरामागच्या चिंचेच्या बुंध्याकडं बघून सांगायचं आज रात्रीत येतंय का नाही.

२०१९ ला पाणी ५५ फुटाच्या वर गेलं. हायवे बंद, शिरोलीपाशी ट्रकांच्या रांगा लागलेल्या. आम्हाला बोटीतनं काढलं. आजोबा बोटीत बसायला तयार नव्हतं, म्हशीची दावी कापली आणि मगच बसलं. दोन म्हशी गेल्या. चिंचेची खूण कधीच बुडालेली, त्यांचं सगळं आयुष्याचं गणित त्या एका रात्रीत चुकलं. त्यानंतर ते पाण्याबद्दल काय बोललं नाहीत, २०२० ला गेलं. २०२१ ला परत पाणी आलं तवा आमच्या आईनं आधीच सामान बांधलेलं.

माझा भाऊ पंचवीसचा, त्यानं सोनतळीला घर बांधलं. वडील म्हणत्यात पळपुटा. वडील साठीचं, ते अजून चिखलीतच. पावसाळ्यात जुलै आला की भाऊ रोज संध्याकाळी गाडी घिऊन येतो आणि वडिलांना म्हणतो चला, वडील म्हणत्यात उद्या बघू. दोघं बोलत नसताना बी गाडी येती. ह्यात बरोबर कोण मला नाही सांगता येत.

तालमीतला | मंगळवार, दुपारी १२:१५

सोसण्यावरनं लिहितो. आमच्या तालमीत म्हाताऱ्या वस्तादांचं एकच, दुखतंय म्हणायचं नाही. खांदा उतरला तरी हळद लावून दुसऱ्या दिवशी मातीत. त्यांच्या पिढीतले निम्मे पैलवान पन्नाशीत गुडघ्यातनं गेले, हे पण मी बघितलंय, खुर्चीत बसून खासबागेतली कुस्ती बघायला यायचे.

खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. तिथनं खाशाबांनी ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक पहिलं पदक. मग २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ आणलं. ७२ वर्षांचं अंतर. स्वप्नीलला रेल्वेत नोकरी होती, कोच होते, सगळी व्यवस्था होती. पोरं म्हणतात खाशाबा मोठे कारण त्यांना काही मिळालं नव्हतं. मला हे बोलणं आवडत नाही. घर गहाण टाकायची वेळ आली ही खाशाबांची मोठेपणाची गोष्ट नव्हे, प्राचार्यांची आहे, आणि आपल्या सगळ्यांच्या शरमेची आहे. स्वप्नीलला व्यवस्था मिळाली म्हणून त्याचा नेम आपोआप लागला नाही, उभं राहून, गुडघ्यावर बसून, झोपून, तिन्ही प्रकारात तासन्‌तास श्वास धरायला लागतो.

आता मी पोरांना शिकवतो. दुखलं की सांगा म्हणतो. वस्तादांना हे कळलं असतं तर त्यांनी मला तालमीतनं हाकललं असतं, आणि तरी मी सांगणार.

भाऊसिंगजी रोड | मंगळवार, सायंकाळी ७:२०

मी वकील, वडील पण वकील. हायकोर्टाची तारीख असली की वडील रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जायचे, सोबत पक्षकार, त्याच्या पिशवीत भाकरी आणि चटणी. सकाळी उतरायचं, तिथंच कुठंतरी तोंड धुवायचं, दिवसभर बसायचं, पुढची तारीख घेऊन रात्रीच्या गाडीनं परत. खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून चाळीस वर्षं वकिलांच्या पिढ्यांनी मोर्चे काढले, साखळी उपोषणं केली, मी लहानपणी वडिलांना डबा द्यायला त्या मांडवात गेलोय.

१८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. वडील त्याआधी तीन वर्षं गेले. माझ्या हाताखाली एक ज्युनियर मुलगी आहे, परवा म्हणाली सर पार्किंगला फार त्रास होतो इथं. मी क्षणभर चिडलो. मग तिला वडिलांची तिकिटांची जुनी पाकिटं दाखवली, त्यांनी जपून ठेवलेली. तिनं ती सगळी बघितली, नीट परत बांधली आणि म्हणाली सर, पार्किंगचा अर्ज मी करू का? तिनं केला पण.

सातवी गल्ली | मंगळवार, रात्री ११:००

बावडा कट्टा, तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातनं जाईना. कुणी लिहून देतं का, म्हणालास. मी कपाट उघडून बघितलं. अकरा माणसांतल्या चौघांनाच माझ्याकडनं कागद दिलेला आहे. बाकीच्यांना तोंडी. मला वस्तादांनी तोंडीच ठेवलेलं, त्यांचा शब्द म्हणजे शब्द होता, मला वाटायचं माझा पण तसाच आहे. पण त्या पोराला माझा शब्द काय माहीत? त्याला मी कधी सांगितलंच नाही की शॉप तुझ्या हातात द्यायचं मनात आहे. सांगितलं असतं तर थांबला असता का, आता काय कळणार.

उरलेल्या सातांना या महिन्यात कागद देतो, कुठल्या वर्षी किती वाढ ते लिहून. पण माझा मुद्दा मी सोडत नाही, कान तयार व्हायला पाच वर्षं लागतात ती लागतातच, त्याला दुसरा रस्ता नाही. तुला यायचं असेल तर ये एकदा, नोकरीचं नंतर बघू, आवाज ऐकवतो.

बावडा कट्टा | मंगळवार, रात्री ११:१२

सोमवारी सुट्टी असते मला. येतो काका.

शुक्रवारपेठी | शुक्रवार, रात्री ११:४५

मंडळी, चार दिवस लिहिलं नाही कारण घरात वेगळंच चालू आहे.

बुधवारी रात्री पोरगी खाली आली आणि आबांच्या शेजारी बसून हा धागा पहिल्यापासून त्यांना वाचून दाखवला. आबांना कमी दिसतं. बाकीचं त्यांनी नुसतं ऐकलं, तालमीतला यांचं दोनदा वाचायला लावलं, 'दुखलं की सांगा' ते. मग काही न बोलता उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला सांगितली. मला वाटलं फंडाचे वगैरे कागद असतील.

पेटीत खिशात मावणाऱ्या छोट्या वह्या. अडतीस. दर वर्षाची एक. रोजची तारीख, कुठली पाळी, किती बॉक्स भरले, आणि शेवटी जादा किती तास थांबले. ज्या जादा तासांचे पैसे मिळाले त्यापुढं बरोबरची खूण, नाही मिळाले त्यापुढं नुसता ठिपका. शेचाळीस वर्षांचा झालो, या वह्या मी कधी बघितल्या नव्हत्या. आईला पण माहीत नव्हतं. पोरीनं विचारलं आबा, हे कशाला लिहीत होता, कुणाला दाखवलं का? म्हणाले, दाखवायचं कुणाला. लिहून ठेवलेलं बरं असतं.

तेव्हापासून दोघं बसलेत. आबा भिंग लावून वाचतात, पोरगी लॅपटॉपवर तक्ता करून भरते. तोच लॅपटॉप. काही पानं पुसट झालीत, आबा अंदाजानं सांगतात तर ती म्हणते नको आबा, अंदाज नको, जे दिसतंय तेवढंच घालूया. आबांना ते आवडलं असावं, कारण नंतर ते स्वतःच म्हणायला लागले, हे नीट दिसत नाही, सोड.

आज संध्याकाळपर्यंत १९६९ ते १९७९ झालं. अकरा वर्षांचे नुसत्या ठिपक्यांचे तास २,३१२. आठ तासांची पाळी धरली तर २८९ दिवस. आकडा ऐकून आबांनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, एवढे? मी म्हटलं होय, एवढे. मग बराच वेळ बोटानं पेटीच्या कडेवरचा गंज काढत बसले.

पोरीनं मला ७९ ची वही दिली, म्हणाली पप्पा, जून बघा. माझा जन्म जूनमधला. आबांच्या अक्षरात आहे तसं लिहितो :

'मुलगा झाला. निरोप दुपारी आला. ओतकाम चालू होतं. पाळी संपवून गेलो. जादा २ तास.'

पुढं ठिपका.

आज जेवताना आबा पोरीला म्हणाले, पुढची नोकरी बघशील तेव्हा रात्रीच्या फोनचं आधीच विचारून घे. तिनं मान हलवली. उद्या १९८० ची वही घ्यायची आहे.

रोज नदीवर | शनिवार, सकाळी ५:५५

रडलो. आईंना पण बसवा की त्या दोघांत. १९७९ च्या जूनमध्ये त्या दुपारपासून रात्रीपर्यंत दवाखान्यात कुणाची वाट बघत होत्या ते त्यांना ठाऊक आहे, त्यांची वही नाही एवढंच. त्यांना विचारा आणि पोरीला म्हणावं ते पण लिहून घे.

चिखलीकर | शनिवार, सकाळी ७:१५

दादा, शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला घर म्हणताय. पेटी परत माळ्यावर ठेवताना प्लॅस्टिकमधी गुंडाळून ठेवा, आणि माळा खालच्या मजल्यावरचा असंल तर वरच्या खोलीत हलवा. एकोणीसला आमच्यात पत्र्याची पेटी होती, पाणी आत शिरलं, आजोबांच्या जमिनीचं कागद लगद्यागत झालं. पोरीला सगळ्या पानांचं फोटो काढून ठेवायला सांगा, जूनच्या आधी.